बेसाल्टमधल्या जुन्या गरम पाण्याचा माग: सातारा-सांगलीत समस्थानिकांचं काम कोणत्या क्रमानं करावं

"कॅल्साइटचा ऑक्सिजन-१८ अमुक आला, म्हणून पाणी तमुक अंश तापलेलं होतं." एम.एस्सी.च्या प्रबंधांत हे वाक्य इतक्यांदा भेटतं की कुणीतरी एकदा लिहिलं आणि पुढचे नुसते उतरवत गेले, असं वाटावं. अडचण अशी की समीकरण एक आहे आणि अज्ञात दोन: तापमान, आणि त्या पाण्याची स्वतःची समस्थानिक घडण, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या जड आणि हलक्या अणूंचं त्यातलं प्रमाण. त्यात भर म्हणजे बहुतेक गोंधळ नमुना प्रयोगशाळेत पोचायच्या आधीच होऊन बसलेला असतो. कंकर (जमिनीत अलीकडे साकळलेली चुनखड) आणि शिरेतलं, म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेलं, कॅल्साइट एकत्र दळलं जातं. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळीत कोणतं खनिज आधी बनलं आणि कोणतं नंतर, हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून खाली यंत्रावर कमी आणि यंत्राआधीच्या कामावर जास्त लिहिलं आहे.

सगळे आकडे दर हजारी आहेत. वेगळं सांगितलं नसेल तर ते व्ही-स्मॉ या पाण्याच्या प्रमाणकावर मोजलेले आहेत. म्हणजे +१५ याचा अर्थ, ऑक्सिजन-१८ आणि ऑक्सिजन-१६ यांचं गुणोत्तर प्रमाणकापेक्षा हजारी १५ नं जास्त.

## टप्पा १: प्रश्न आधी ठरवा, मग हातोडा उचला

प्रश्न तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाला वेगळा माल लागतो. पोकळी किंवा शीर किती तापमानाला भरली, हे हवं असेल तर कॅल्साइट किंवा क्वार्ट्झ घ्या आणि जोडीला तापमानाचा एक स्वतंत्र पुरावा ठेवा. पाणी पावसाचं होतं, समुद्राचं होतं की शिलारसातून आलेलं, असं विचारायचं असेल तर ऑक्सिजनसोबत हायड्रोजनही लागेल. खडकातून किती पाणी गेलं, असा प्रश्न असेल तर मूळ खडक आणि त्यातली प्लॅजिओक्लेज-पायरॉक्सिन या दोन मुख्य खनिजांची जोडी लागते. एकाच पिशवीतून तिन्ही उत्तरं काढायला गेलात तर एकही धड मिळत नाही.

निकालाची दिशाही आधीच लिहून ठेवा. ताजा बेसाल्ट साधारण ५.५ ते ६ असतो. पावसाचं पाणी उणे असतं, म्हणून "पाण्यानं खडक बदलला की आकडा खाली येतो" असं सरसकट समजलं जातं. हे फक्त चांगल्या तापलेल्या पाण्याला लागू आहे. −५ चं पाणी आणि ५.७ चा बेसाल्ट घेतला, तर साधारण १६० अंश सेल्सिअसच्या वर खडकाचा आकडा उतरतो आणि त्याखाली तो चढतो. ग्रीनलँडमधल्या स्केरगार्डमध्ये किंवा स्कॉटलंडच्या स्काय बेटावर शून्याखाली गेलेले आकडे मिळाले, कारण तिथे जमिनीखाली घुसलेल्या तप्त (अंतर्भेदी) खडकांनी भोवतालचं पाणी फिरवलं. आपल्याकडच्या लाव्हाथरांत पोकळ्या भरणारे झिओलाइट (जाळीत पाणी धरणारी सिलिकेट खनिजं) बहुतेक त्यामानानं थंड पाण्यातले. म्हणून सह्याद्रीतल्या बदललेल्या बेसाल्टचा आकडा ८ किंवा ९ आला तर "यंत्र चुकलं" म्हणत प्रयोगशाळेला फोन लावू नका.

## टप्पा २: जागेची निवड

सर्वात जास्त वेळ इथे घालवा.

सातारा-सांगलीची पश्चिम आणि पूर्व बाजू दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी फसवते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे, पाचगणीच्या टेबललँडवर आणि कासला वरचा थर जांभ्याचा आहे आणि त्याखालचा बेसाल्टही बराच खोलवर कुजलेला असतो. अशा खडकाचा ऑक्सिजन पावसाळी झिजेनं बदललेला असतो. त्याचा जुन्या गरम पाण्याशी संबंध जोडता येत नाही.

पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कोरड्या पट्ट्यात उलटं संकट आहे: कंकर. मुरमातल्या भेगांत, विहिरीच्या कडेला, खाणीच्या वरच्या दोन-चार मीटरांत ही पांढरी चुनखड शिरेसारखीच धावते. आम्ल टाकलं की तीही फसफसते. पण ती जमिनीतल्या पाण्यातून, हवेच्या तापमानाला, अगदी अलीकडे बनलेली असते. २५ अंशाला −३ च्या पाण्यातून बनलेल्या चुनखडीचा आकडा सुमारे +२५.७ येतो. शिरेतल्या कॅल्साइटचे आकडे या पातळीला घुटमळत असतील, तर गरम पाण्याची गोष्ट सांगायच्या आधी कंकरीचा संशय घ्या.

उत्तम जागा म्हणजे चालू दगडखाणीचा खालचा टप्पा, रस्त्याची नवी कापणी आणि नव्या विहिरीचा ढीग. ढीग घेणार असाल तर कोणता दगड किती खोलीवरून आला, हे विहीर खोदणाऱ्यांना विचारा. त्यांना ते बरोबर आठवतं. घाटांतल्या कापण्यांत, मग तो पसरणी असो, आंबेनळी असो की कुंभार्ली, लाव्हाचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. पण जुन्या कापणीचा पृष्ठभाग वर्षानुवर्षं भिजलेला असतो, म्हणून आत शिरून ताजा तुकडा काढा. आंबेनळी आणि महाबळेश्वर ही दख्खनच्या बेसाल्टमधल्या दोन शैलसमूहांचीही नावं आहेत. तुम्ही कोणत्या समूहात उभे आहात हे नकाशावरून नक्की करा, कारण मूळ खडकाचा आकडा ठरवताना ते लागेल.

कोयनेच्या बाजूला आणखी एक भान ठेवावं लागतं. गोठणे इथल्या तीन किलोमीटर खोल पथदर्शी विंधणीत सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट-नाइसचा पाया. पायातल्या शिरा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुन्या असू शकतात. खोल गाभ्याच्या नमुन्यावर काम करायची संधी मिळाली तर बेसाल्टमधलं कॅल्साइट आणि पायातलं कॅल्साइट एका आलेखावर एकाच चिन्हानं दाखवू नका.

सावधान: कास पठार, कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प इथे परवानगीशिवाय दगड फोडणं गुन्हा ठरू शकतो. महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. खाणीत मालकाची परवानगी घ्या आणि सुरुंगाची वेळ विचारूनच आत जा.

## टप्पा ३: कातळावरचं काम

कराड-पाटण बाजूच्या एखाद्या खाणीतली मुठीएवढी पोकळी डोळ्यांसमोर आणा. भिंतीला चिकटून नखाइतका पातळ, गडद हिरवा पापुद्रा असतो, तो सेलॅडोनाइट किंवा तत्सम चिकणमाती. त्यावर निळसर कॅल्सेडोनी. मग स्टिल्बाइटच्या पेंढ्या. त्यांच्यावर मधाच्या रंगाचा कॅल्साइटचा एखादा स्फटिक बसलेला आणि सर्वांवर पिठासारखी पांढरी भुरी. हे निदान चार वेगवेगळे प्रसंग झाले. भुरी धरली तर पाच. हातोड्याच्या एका घावात सगळं पिशवीत पडलं की हा क्रम गेला, आणि तो परत मिळत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. आधी फोटो. मोजपट्टी आणि उत्तर दिशा दिसली पाहिजे. पोकळी लाव्हाथराच्या माथ्याला आहे, मध्यात की तळाला, हे वहीत लिहा.

२. पोकळी भिंतीसकट काढा. स्फटिक सुटा उपटू नका. भिंतीला चिकटलेली बाजू कोणती, हे मार्करनं खडकावरच लिहा.

३. त्याच लाव्हाथराच्या मधल्या घट्ट भागातून, पोकळ्या आणि शिरा नसलेला, दोन किलोचा ताजा तुकडा घ्या. हा तुमचा तुलनेचा खडक. तो नाही म्हणून किती प्रकल्प अर्धवट राहतात, याची गणती नाही.

४. दोन थरांमधला तांबडा पट्टा दिसला तर त्याची नोंद करा, पण नमुना त्यापासून दूर घ्या. ती तेव्हाची झिजलेली माती किंवा राख असते.

५. प्रत्येक नमुना वेगळ्या पिशवीत ठेवा. चिठ्ठी पिशवीच्या आतही टाका आणि बाहेरही लावा.

तपासणी: खाण सोडण्याआधी वही उघडा आणि प्रत्येक नमुन्यासमोर "कोणत्या थरातला, कशावर बसलेला, कशाखाली दबलेला" ही तीन उत्तरं आहेत का ते पाहा. नसतील तर तिथेच थांबून भरा.

## टप्पा ४: ओळख आणि पिढ्यांचा क्रम

कॅल्साइट, अ‍ॅपोफिलाइट आणि स्टिल्बाइट तिघंही पांढरे-पारदर्शक आणि मोत्यासारखे चमकू शकतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब कॅल्साइटला लगेच ओळखू देतो. बाकीच्यांसाठी एक्स-रे डिफ्रॅक्शन करून घ्या. हवेत आल्यावर पांढरं पडून भुसभुशीत होणारं खनिज बहुधा लॉमोन्टाइट असतं. ते त्याच दिवशी बंद डबीत ठेवा.

मग पातळ छेद. कोण कोणाला कापतं, कोण कोणावर वाढलं, कोणत्या कॅल्साइटमध्ये झिओलाइटचे तुकडे अडकले आहेत, ते पाहा. शक्य असेल तर कॅथोडोल्युमिनेसन्सखाली, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं खनिज उजळवून, पाहा. साध्या प्रकाशात एकसंध दिसणारं कॅल्साइट तिथे नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांत फुटतं आणि एका स्फटिकात दोन-तीन पिढ्या निघतात. या पिढ्यांना क्रमांक द्या. इथून पुढे प्रत्येक मोजमापाला हा क्रमांक चिकटलेला हवा.

पोकळीतल्या खनिजाला खडकाचंच वय चिकटवण्याची घाई करू नका. लाव्हा थिजल्यावर लाखो-कोटी वर्षांनीही पाणी भेगांतून फिरू शकतं.

## टप्पा ५: कोणत्या खनिजावर किती भरवसा

कॅल्साइट सोपं आणि स्वस्त, पण नंतरच्या पाण्यात पुन्हा विरघळून बनायची त्याला खोड आहे. क्वार्ट्झ हट्टी: एकदा बनलं की सहसा ऑक्सिजन बदलू देत नाही. कॅल्सेडोनी सच्छिद्र असते, तिच्यात ओल अडकलेली असते, म्हणून तिला क्वार्ट्झच्या बरोबरीनं बसवू नये.

झिओलाइटबद्दल जरा स्पष्ट बोलतो, कारण आपल्या भागात तेच सर्वात देखणे आणि तेच सर्वात आधी पिशवीत जातात. त्यांच्या जाळीतल्या पोकळ मार्गांत पाणी असतं आणि ते खोलीच्या तापमानालाही भोवतालच्या दमट हवेशी अदलाबदल करतं. जुलैत पाटणला कपाटात ठेवलेला स्टिल्बाइट आणि एप्रिलात जतला ठेवलेला स्टिल्बाइट, दोघांच्या मार्गांतलं पाणी आजच्या हवेची कहाणी सांगेल. त्यावर हायड्रोजन मोजून "जुनं पाणी" शोधणं निरर्थक आहे. जाळीतला ऑक्सिजन मोजायचा तर निर्वातात नियंत्रित तापवून पाणी पूर्ण काढावं लागतं, आणि तरी निकाल जपून वाचावा लागतो. सुरुवात करणाऱ्यानं झिओलाइटकडून फक्त तापमानाचा ढोबळ पट्टा घ्यावा. समस्थानिकं कॅल्साइट-क्वार्ट्झवर मोजावीत. फुगणाऱ्या चिकणमातीच्या थरांमधल्या पाण्यालाही हीच गोष्ट लागू.

मूळ खडकात प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन वेगवेगळे मोजा. शिलारसात दोघं समतोलात असतील तर प्लॅजिओक्लेज साधारण अर्धा ते एकनं वर असतं. गरम पाणी आलं की प्लॅजिओक्लेज लवकर बदलतं आणि पायरॉक्सिन मागे राहतं. म्हणून जोडी बिघडलेली दिसली की थिजल्यानंतर पाणी फिरलं. दोन्ही मिळून सारखे सरकलेले असतील तर आधी शिलारसाकडे संशयानं पाहा. एकट्या पूर्ण खडकाच्या आकड्यावरून हा भेद कळत नाही. आपला बेसाल्ट बारीक कणांचा असल्यानं हे वेगळं करणं किचकट जातं. मोठे स्फटिक असलेला थर किंवा भरड डाइक (उभ्या भेगेत थिजलेल्या शिलारसाची भिंत) निवडलात तर काम निम्मं होतं.

## टप्पा ६: भुकटी

दुर्बिणीखाली सुईनं वेचून घ्या. कॅल्साइटसाठी एक मिलिग्रॅमही पुरतं, त्यामुळे मोह टाळा आणि एकाच पिढीतून घ्या. सूक्ष्म ड्रिल हळू फिरवा, भुकटी तापू देऊ नका. सिलिकेट खनिजांत कॅल्साइटचा अंश उरला असेल तर सौम्य आम्लानं धुऊन काढा. पातळ छेदाच्या डिंकाला, अरल्डाइटला लागलेला भाग कार्बन मोजायला देऊ नका.

भेसळीची किंमत किती? +१५ च्या कॅल्साइटमध्ये एक पंचमांश कंकर (+२५.७) मिसळली तर मिश्रण +१७.१ होतं. −३ चं पाणी धरून तापमान काढलं तर ९३ अंशांऐवजी ७६ येतं. निकालपत्रावर मात्र या सतरा अंशांची चाहूलही लागत नाही, आकडा अगदी सरळ दिसतो.

## टप्पा ७: प्रयोगशाळेला काय सांगायचं

कार्बोनेट फॉस्फोरिक आम्लात विरघळवून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. सिलिकेटला लेझर आणि फ्लोरीनयुक्त संयुग लागतं, आणि ती सोय मोजक्या ठिकाणी आहे. म्हणून नमुना पाठवताना खनिजाचं नाव लिहा. कॅल्साइट आणि डोलोमाइट यांना आम्लासाठी वेगळी दुरुस्ती लागते. दर दहा नमुन्यांत एक नमुना वेगळ्या नावानं दुसऱ्यांदा घाला. प्रमाणकाचे आकडे मागून घ्या: एनबीएस-१९ कार्बोनेटचा ऑक्सिजन व्ही-पीडीबी या कार्बोनेटच्या प्रमाणकावर −२.२०, एनबीएस-२८ क्वार्ट्झचा व्ही-स्मॉवर सुमारे ९.६ यायला हवा.

सावधान: कार्बोनेटचे निकाल बहुधा व्ही-पीडीबीवर येतात. रूपांतर असं: व्ही-स्मॉ = १.०३०९१ × व्ही-पीडीबी + ३०.९१. म्हणजे −१५.४ चे झाले सुमारे +१५. हे न करता सूत्रात टाकलेला आकडा तीस एककांनी चुकीचा असतो आणि तापमान हास्यास्पद येतं. तेवढ्यानं तरी चूक सापडावी, पण काहीजण त्यालाही "अतितप्त द्रव" ठरवून मोकळे होतात.

## टप्पा ८: तापमान काढणं

कॅल्साइट आणि पाणी यांच्यासाठी नेहमी वापरलं जाणारं सूत्र:

१००० × नैसर्गिक लॉग (अल्फा) = (२७,८०,००० ÷ टी-वर्ग) − २.८९

टी केल्व्हिनमध्ये. अल्फा म्हणजे (१००० + कॅल्साइटचा आकडा) भागिले (१००० + पाण्याचा आकडा). कॅल्साइट +१५ धरा आणि पाणी बदलत जा:

पाणी −६ असेल तर ६९ अंश सेल्सिअस.
पाणी −३ असेल तर ९३ अंश.
पाणी ० असेल तर १२२ अंश.

नमुना तोच, उत्तरं तीन. मोजमापातली ०.१ ची त्रुटी तापमानात जेमतेम एक अंशाचा फरक करते. पाण्याबद्दलचा अंदाज चुकला तर पन्नास अंशांचा होतो. म्हणून तापमान नेहमी पट्ट्यात लिहा आणि पाण्याचा कोणता आकडा का धरला, ते सांगा.

पाण्याचा आकडा कुठून आणायचा? आजच्या कोयनेच्या पावसावरून नाही. लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. कोकणातल्या तुरळ, आरवली, राजापूरच्या गरम झऱ्यांवरूनही नाही, ते आजचे आहेत. खरा उपाय म्हणजे तापमान दुसऱ्या वाटेनं काढणं. त्याच पिढीच्या कॅल्साइट किंवा क्वार्ट्झमध्ये अडकलेले द्रवाचे सूक्ष्म थेंब तापवून एकजीव होण्याचं तापमान घ्या, मग सूत्र उलटं फिरवून पाण्याचा आकडा काढा. मात्र ते थेंब स्फटिक वाढतानाचे हवेत, नंतरच्या भेगेतले नकोत. क्लम्प्ड समस्थानिकांनी (जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांना किती प्रमाणात जोडलेले आहेत, हे मोजून) पाणी माहीत नसतानाही तापमान मिळतं, पण कॅल्साइट पुढे दीर्घकाळ शंभर अंशांच्या वर राहिलं असेल तर तो ठसाही पुसट होतो.

कार्बन सोबत येतोच, तो वाया घालवू नका. व्ही-पीडीबीवर −५ ते −६ च्या आसपास असेल तर प्रावरणातला कार्बन शक्य आहे. बराच जास्त उणे असेल तर सेंद्रिय पदार्थाचा हात असावा. मात्र मधला आकडा दोघांच्या मिश्रणातूनही येतो, म्हणून एकट्या कार्बनवर निवाडा देऊ नका.

## टप्पा ९: पाणी आणि खडक यांचं गुणोत्तर

बंद प्रणालीसाठी: (खडकाचा आजचा आकडा − मूळ आकडा) भागिले (पाण्याचा मूळ आकडा − पाण्याचा अखेरचा आकडा). अखेरचं पाणी म्हणजे खडकाचा आजचा आकडा वजा त्या तापमानाचा खडक-पाणी फरक. फरकासाठी प्लॅजिओक्लेजचं सूत्र धरतात: (२६,८०,००० ÷ टी-वर्ग) − ३.५३.

खडक ५.७ वरून २.७ वर आला, पाणी −५, तापमान ३०० अंश. फरक ४.६३, अखेरचं पाणी −१.९३, गुणोत्तर ०.९८. पाणी सतत येत-जात असेल तर त्यात १ मिळवून नैसर्गिक लॉग घ्या: ०.६८. हे ऑक्सिजनच्या अणूंचं गुणोत्तर आहे. पाण्यात वजनानं ऑक्सिजन जवळपास ८९ टक्के आणि खडकात निम्म्याच्या आसपास, त्यामुळे वजनाचं गुणोत्तर साधारण अर्धं भरतं. शिवाय हा किमान आकडा आहे, कारण भेगेतून नुसतं वाहून गेलेलं पाणी खडकावर खूण ठेवत नाही.

तपासणी: हेच गणित २०० अंशांना करा. अखेरचं पाणी −५.७४ येतं, म्हणजे मूळ पाण्याहूनही खाली, आणि गुणोत्तर उणे. अर्थ सरळ आहे: −५ च्या पाण्यानं २०० अंशांना हा खडक इतका खाली आणणं शक्यच नाही. उणे गुणोत्तर आलं की ते तक्त्यातून गुपचूप वगळू नका. धरलेलं तापमान, पाणी किंवा मूळ खडकाचा आकडा, यातलं काहीतरी चुकलं आहे. हे सूत्र जास्त तापमानाच्या प्रयोगांवरून बसवलेलं आहे, म्हणून दीड-दोनशे अंशांखाली ते ताणलेलं समजा. टप्पा १ मधले १६० अंशही याच सूत्रातून आले आहेत, तेव्हा तेही ढोबळच.

## टप्पा १०: तक्ता

प्रत्येक ओळीत नमुना क्रमांक, लाव्हाथर, पृष्ठभागापासूनची खोली, खनिज, पिढी, मोजलेला आकडा, मूळ प्रमाणक, रूपांतरित आकडा, धरलेलं पाणी, वापरलेलं सूत्र आणि तापमानाचा पट्टा एवढे रकाने हवेत. कंकर, भुरी आणि झिजलेले नमुने मोजले असतील तर तेही ठेवा, वेगळ्या चिन्हानं. शिरेचे आकडे त्यांच्यापासून किती दूर आहेत, हेच परीक्षक आधी विचारतात. उरलेली भुकटी आणि पोकळीचा दुसरा अर्धा भाग चिठ्ठीसकट जपून ठेवा. पुढच्या वर्षी कुणी क्लम्प्ड मोजायला तयार झालं तर त्याच पिढीचा माल लागेल.